मदत हवी आहे: चीनमधल्या अल्पवयीन गेमर्सचा खेळण्याचा वेळ मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधाचा विषय चीनचा ऑगस्ट २०२१ चा नियम. १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम खेळायला शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९ एवढाच वेळ. मुलांना शिक्षा नाही, जबाबदारी सगळी कंपन्यांवर.

घोडं अडलंय ते आकड्यांपाशी. टेन्सेंट या बड्या चिनी गेम कंपनीच्या म्हणण्यानुसार देशातल्या त्यांच्या गेम्सवर खेळल्या गेलेल्या एकूण वेळात अल्पवयीनांचा वाटा सप्टेंबर २०२० मध्ये ६.४ टक्के होता, तो वर्षभरात ०.७ वर आला. ऐकायला झकास. पण आजीच्या ओळखपत्रावर खातं उघडून खेळणारा तेरा वर्षांचा नातू या हिशोबात आजीच असतो! रात्री उशिरा चेहरा तपासतात म्हणे, पण आजी शेजारीच बसलेली असेल तर?

दुसरीकडे २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या संशोधनपत्रिकेत आलेला अभ्यास. २०१९ मध्ये आलेल्या, आताच्यापेक्षा जरा सैल अशा नियमाच्या अलीकडचा-पलीकडचा सुमारे ७ अब्ज तासांचा खेळ त्यांनी तपासला. तासन् तास खेळणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचा पुरावा सापडला नाही. मात्र त्या माहितीत वयच नव्हतं, त्यामुळे मुलं आणि मोठे एकाच टोपलीत. म्हणजे एकाकडे वय आहे पण ते खरं कशावरून, आणि दुसऱ्याकडे वयच नाही.

म्हणून माझा विचार असा, की २०२१ मध्ये १४-१५ वर्षांचे असलेले आणि आता सज्ञान झालेले खेळाडू गाठून त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. मार्गदर्शक मॅडमना हे पटत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला नीट आठवतं, असं त्यांचं म्हणणं. वेबोवरच्या (चीनमधलं ट्विटरसारखं समाजमाध्यम) जुन्या पोस्ट वाच म्हणतात. मला वाटतं, किती तास ते नसेल आठवत, पण कोणाच्या खात्यावरून खेळलो ते नक्की आठवेल. आणि मला तेच हवंय.

आठवणींवर आधारलेल्या मुलाखती कोणी केल्या असतील तर परीक्षकांपुढे त्यांचं समर्थन कसं केलंत? शांघाय-शेन्झेनकडे राहणारं किंवा चिनी शिकवणारं कोणी इथे आहे का? माझी चिनी एचएसके ३ (चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी) पुरतीच, दुभाषी लागेल. आणखी एक. मुलाखत वीचॅटवर, म्हणजे सरकारी नजर असू शकणाऱ्या चिनी मेसेजिंग ॲपवर घेतली तर संमतीपत्रात 'संभाषण गोपनीय राहील' असं लिहावं का? माझा हात धजत नाहीये.

'भारतातल्या पब्जीबंदीवर कर की' हा सल्ला घरी रोज मिळतो, तो सोडून काहीही चालेल.