प्रतिसाद: छातीत गोळी लागूनही सांबर पळालं कसं?

वर एकाने आजोबांचा किस्सा दिलाय: सातपुड्यातल्या यावलच्या रानात सांबराला छातीत गोळी बसली, तरी ते नाला ओलांडून गेलं. काहींना ती थाप वाटली. मला नाही वाटत. हृदय फुटलं तरी मेंदूत काही सेकंदांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, आणि घाबरलेलं जनावर तेवढ्यात सहज शंभरेक मीटर जातं. जागच्या जागी कायमचं कोसळतं ते मेंदू फुटला किंवा कणा तुटला तरच. सिनेमात दाखवतात ते सोडा.

खरी फसगत उलट असते. धाडकन पडलेलं जनावर! गोळी कण्याच्या मणक्यांवरच्या हाडाच्या काट्यांना नुसती चाटून गेली, तर ते सुन्न होऊन पडतं आणि शिकारी जवळ पोचेपर्यंत उठून पसार. पोटात लागलं तर पाठीला कुबड काढून, रखडत चालतं. तेव्हा लगेच मागे धावायचं नाही, तासन् तास थांबायचं. उठवलं की ते कोसभर जातं, मग सापडत नाही.

माग काढणारे पावरा-तडवी आदिवासी जाणते आधी पानांवरचं रक्त बघत. फेसाळ गुलाबी म्हणजे फुफ्फुस. काळपट, हिरवट चोथा मिसळलेलं आणि वास मारणारं म्हणजे कोठा, पोटातली जखम. हे सगळं अर्थात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीचं. आता सातपुड्यात सांबराची शिकार म्हणजे थेट तुरुंग. आजोबांची बंदूक बारा बोरची (जाड नळीची, गोळी आणि छर्रे दोन्ही चालणारी) होती का? गोळी की छर्रा, हेही सांगा, त्याने बराच फरक पडतो.