चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, कार्डाचं बिल डोक्यावर. घरखर्चात कात्री नेमकी कुठं लावू?

कुंडई_बी_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. इथं वाचतो खूप, लिहितोय पहिल्यांदाच. गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो, कुंडईला एका कंपनीत आहे, हातात 36 हजार येतात. घर आईबाबांचं त्यामुळे भाडं नाही. आम्ही दोघं, मुलगी बालवाडीत आणि आईबाबा. डिसेंबरात बहिणीचं लग्न झालं आणि मे महिन्यात पावसाच्या आधी छप्पर करून घ्यावंच लागलं, तिथून सगळं बिघडलं. पर्सनल लोनचा हप्ता 8,200, स्कूटरचा 3,900, गावच्या पतसंस्थेचा 2,500 आणि क्रेडिट कार्डावर 1 लाख 10 हजार बाकी, त्याचं मिनिमम भरतो ते साडेपाच हजार. म्हणजे पगार आला की वीस हजार गेलेच, वर 2,000 ची भिशी आहे कंपनीतल्या मित्रांची, उरलं त्यात पाच माणसं. वीस तारखेनंतर परत कार्डच काढावं लागतं, कधी पेट्रोलला कधी किराण्याला.

बायको म्हणते नुस्तं, म्हणजे मासळी, बंद करूया. बाबा म्हणतात पेपर बंद करा आणि घरातले दिवे घालवत जा. मी डबा न्यायला लागलोय. पण आकडा हलतच नाही हो. आणि आता चवथ आली, बहिणीची लग्नानंतरची पहिली, म्हणजे वजें (मुलीच्या सासरी पाठवायची सणाची भेट) पाठवायचं, आईने यादी केलीय ती बघूनच घाम फुटला. तर रोजच्या खर्चात कुठं कापलं की खरंच फरक पडतो, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. लेक्चर नको, अनुभव हवा.

टिपरवाला_साखळी:
भाऊ, आधी एक हिशेब बघ मग नुस्त्याचं बोलू. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर, बहुतेक कार्डांचं त्याच्या आसपासच असतं. 1 लाख 10 हजारावर झाले 3,850. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 693. मिळून 4,543. तू भरतोस साडेपाच हजार. म्हणजे मुद्दलातून गेले साडेनऊशेच्या आसपास, आणि वीस तारखेनंतर तू त्याच कार्डावर दीडदोन हजाराचं पेट्रोल-किराणा घालतोस. आकडा हलणार कसा? तुझ्या बायकोने वर्षभर नुस्तं शिजवलं नाही तरी तो हलणार नाही.

आणखी एक, हे बँकवाले सांगत नाहीत. मागची बाकी ठेवलीस की नव्या खरेदीवरचे ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घातलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज चालू. म्हणून पहिलं काम, कार्ड पाकिटातून बाहेर. फोनमध्ये, शॉपिंगच्या अ‍ॅपमध्ये जिथं जिथं सेव्ह केलंयस तिथून काढ. कार्ड बंद नको करू अजून, बाकी असताना ते होतही नाही, फक्त वापर थांबव.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 2012 ला मायनिंग बंद पडलं तेव्हा आमच्या दारात टिपर (खनिज वाहायचा ट्रक) उभा आणि हप्ता चालू. आमच्या भागात तेव्हा घरोघरी तीच कथा, कोणी बायकोच्या बांगड्या विकल्या, कोणी गाडी अर्ध्या किमतीत दिली. जे हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसले त्यांना मुदत वाढवून मिळाली, जे फोन उचलेनासे झाले त्यांच्याकडे वसुलीवाले आले. तुझं अजून काही चुकलेलं नाही, म्हणजे बोलायला तुझी बाजू चांगली आहे. पतसंस्थेत जा, सेक्रेटरी ओळखीचाच असणार, हप्ता थोडा कमी करून मुदत वाढवून दे म्हण. तिथलं व्याज कार्डापेक्षा खूपच कमी, तिथं उशीर परवडतो, कार्डाला नाही.

म्हापश्याची_काकी:
नुस्तं बंद करूया म्हणे, अरे श्रावण चाललाय, तसंही बंदच आहे ना घरात 😀 चवथ झाली की बघ बाजारात कशी झुंबड उडते ती.

बाबा, मी घर चालवलंय, तीन भुरगी (मुलं) वाढवलीत, एक सांगते. जेवणात कापायला गेलास तर वाचतं थोडं आणि घरात तोंडं वाकडी होतात जास्त. मग रविवारी कोणीतरी म्हणतं जाऊया रे जरा बाहेर, की गेले सातआठशे एका फेरीत. म्हणून बंद नको करू, बदल. इसवण (सुरमई) आणि मोठी सुंगटां (कोळंबी) सणापुरती. रोजचे बांगडे, तारले, पेडवे अशी स्वस्त मासळी. मासेमारीची बंदी जुलैअखेर उठलीय, बोटी दर्यात गेल्या की बांगडा स्वस्त होतोच, तेव्हा दुपारी बाजार उठायच्या वेळेला जा, सकाळच्या भावात आणि त्या भावात फरक असतो. आठवड्यातून दोन दिवस आळसांद्याचं नाहीतर चण्याचं तोंडाक (रस्सा) आणि पोई (पाव), भुरगी आवडीने खातात. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घे, सरकारी सवलतीचा दर असतो, कांदे-बटाटे-टोमॅटो तरी तिथूनच. सकाळी लवकर जा मात्र, उशिरा गेलास तर मऊ पडलेलं उरतं. आणि नारळ! नारळाचे भाव बघितलेस? आमच्याकडे आता कढीला अर्धाच नारळ पडतो, सोलकढी पातळ झाली म्हणून कोण रडत नाही.

पुढच्या मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) नीट कर. मिरच्या, सोलां, सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), चिंच, एकदाच भरून ठेवलं की पावसात दुकानात धावावं लागत नाही. आमची आई हेच करायची. आता सगळे दहा मिनिटांत घरी आणून देतात म्हणून कोणाला भरायची सवय राहिली नाही, आणि त्या दहा मिनिटांत चार वस्तू नको असलेल्या येतात.

पणजी_कदंब_स्टँड:
काकींचं बरोबर पण मी वेगळं सांगतो. बाकीचं सगळं सोड आणि आज रात्री यूपीआय अ‍ॅप उघडून ऑटोपे नावाचा भाग बघ. माझ्याकडे बघितलं तेव्हा दोन ओटीटी, एक गाण्यांचं, एक कसलं तरी फोटो साठवायचं आणि एक जिमचं अ‍ॅप, जिम सोडून कधीच झालं होतं. सगळं मिळून महिन्याला हजारावर. तिथल्या तिथे बंद करता येतं, कोणाला फोन करायला नको. आणि सकाळी कंपनीजवळच्या हॉटेलात मिक्स भाजी-पाव, चहा, एक भजी, हे तुझं चालू आहे की नाही खरं सांग. डबा नेतोस ते दुपारचा. सकाळचे साठ-सत्तर गुणिले सव्वीस कर.

दुसरं, वहिनींना गृहआधार (गृहिणींसाठीची सरकारी मदत) मिळतो का? दीड हजार महिन्याला, तेवढा तर सरळ कार्डात घाल.

टिपरवाला_साखळी:
@पणजी_कदंब_स्टँड गृहआधारला नवराबायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत लागतं रे. ह्याच्या हातातच 36 हजार येतात, वर्षाचे चार लाखांवर गेले. बसणार नाही. बाबांना वयोमानाने दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (सरकारी पेन्शनचे) 2,000 मिळत असतील तर ते त्यांच्या औषधाला राहू देत, त्यात हात नको घालू.

कुंडई_बी_शिफ्ट:
सगळ्यांना थँक्स, ते 4,543 वाचून दोन मिनिटं गप्पच बसलो. गृहआधारला आम्ही अर्ज केलाच नव्हता, उत्पन्नामुळे. भाजी-पाव पकडलात तुम्ही 🙏 रोजचं नाही पण आठवड्यातून चार दिवस आहेच. ऑटोपेमध्ये तीन सापडले, एक तर मुलीच्या कार्टूनचं, फ्री ट्रायल म्हणून घेतलेलं.

पण खरं सांगायचं तर हे सगळं जोडून अडीच-तीन हजार होतात. एवढ्याने काय होणार? बायकोचं सोनं आहे थोडं, ती स्वतःच म्हणतेय ठेव बँकेत. मला पटत नाही, लग्नाचं सोनं. आणि वज्याचं कोणीच बोललं नाही.

वास्को_नाईट:
सोन्याला हात लावू नकोस. आमच्या शेजारी एकाने असंच ठेवलं, कार्ड फेडलं, आठ महिन्यांत कार्ड परत भरलं आणि सोनं पण सोडवता आलं नाही, लिलावाची नोटीस आली. कर्ज फेडायला कर्ज हा धंदाच वाईट. त्यापेक्षा जास्तीची कमाई बघ. लग्नाच्या सीझनला केटररला माणसं लागतात, रविवारी जाऊ शकतोस. आणि वहिनींना नेवऱ्या, चकल्या, लाडू येत असतील तर चवथीच्या आधी ऑर्डर घ्यायला सांग, आमच्या कॉलनीत दोन बायका तेवढ्यावर सणाचा खर्च काढतात, नोकरी करणाऱ्यांना घरी करायला वेळच नसतो.

टिपरवाला_साखळी:
वास्कोवाल्याचं अर्धं बरोबर. शेजाऱ्याचं सोनं गेलं ते सोन्याच्या कर्जाने नाही, कार्ड चालू ठेवल्याने गेलं. आकडे बघा. बँकेचं सोन्यावरचं कर्ज वर्षाला 10 टक्के धरा, 1 लाख 10 हजाराला महिन्याचं व्याज सव्वानऊशेच्या आत. कार्डाचं साडेचार हजार. म्हणजे नुसती जागा बदलली की महिन्याला साडेतीन हजार मोकळे, ते कोणाचं पोट न मारता. त्यात तू वाचवलेले अडीच-तीन हजार घाल. आत्ता कार्डात जातात ते साडेपाच हजार धरून महिन्याला आठ हजार सोन्याच्या कर्जात गेले तर चौदा-पंधरा महिन्यांत सोनं घरी. तेच अडीच-तीन हजार नुसते कार्डात टाकलेस तर व्याज खाऊन उरतं ते मोज, पाच-सहा महिने जास्त लागतील.

पण अट एकच, सोनं फक्त कार्डासाठी ठेवायचं. वज्यासाठी नाही, मुलीच्या वाढदिवसासाठी नाही. आणि कार्ड शून्यावर आलं की लिमिट कमी करून घे, 20 हजार पुरे. सोनं नकोच असेल तर कार्डवाल्या बँकेला बाकीचे हप्ते करून द्या म्हणून विचार, व्याज निम्म्याच्या आसपास येतं, वर प्रोसेसिंग फी लागते. कोणी फोन करून एवढे भरा, उरलेले माफ, असं सेटलमेंट देऊ केलं तर घेऊ नको, सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) सेटल्ड म्हणून शेरा राहतो आणि पुढं घराचं कर्ज मागायला गेलास की तोच शेरा समोर येतो. आणि मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला तर जाऊच नको.

पर्सनल लोनकडे आत्ता बघू नको, ते आधी फेडायला गेलास तर दंड लावतात बरेचजण. भिशी तुझी अजून लागली नसेल तर सोडू नको, लागेल त्या दिवशी सगळी रक्कम कर्जात.

म्हापश्याची_काकी:
वज्याचं मी सांगते, पुरुषांना त्यातलं कळत नाही. तुझ्या आईच्या यादीत लाडू, नेवऱ्या, चकल्या, खाजें, पाच तऱ्हेची फळं आणि वर विहीणबाईंना साडी, असंच असणार. त्यातलं निम्मं सासरच्या वाड्यावर वाटलं जातं आणि उरलेलं पंधरा दिवस डब्यात पडून मऊ होतं. पूर्वी घरात केलेलं जायचं एका टोपलीतून. आता स्वीट मार्टचे बॉक्स टेबलावर मांडून फोटो काढतात आणि ते फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरतात, सगळा खर्च त्या फोटोचा आहे. आईला समजवायला तू जाऊ नको, भांडण होईल. बहिणीला फोन कर. तिला सरळ सांग यंदा घरचं करून पाठवतोय, तुझ्या सासूबाईंच्या कानावर तूच घाल. बहुतेक सासवांना बरंच वाटतं, कारण त्यांच्या मुलीच्या वेळेला त्यांनाही तेच करायचं असतं. गोडधोड वहिनी आणि आई मिळून घरात करतील, ऑर्डरीचं केलं तर त्याच कढईत तेही निघेल. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान परसातलं आणि शेजारचं, बाजारात कवंडळांना (माटोळीला बांधायच्या रानफळांना) काय भाव लावतात ते बघून ये एकदा.

कुंडई_बी_शिफ्ट:
काकी, बहिणीला आत्ताच फोन केला. तिने आधी दोन मिनिटं रागच धरला, मला का नाही सांगितलंस म्हणून, मग म्हणाली सासूबाईंचं मी बघते, साडी काढून टाक यादीतून. आईला तीच सांगणार आहे.

सोन्याचं बायकोशी बोललो, ती तयारच होती, अडलो होतो तो मीच. सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे, दुपारी सुटलो की दोन ठिकाणी दर विचारतो. काय काय विचारू?

टिपरवाला_साखळी:
पहिलं, व्याज घटत्या बाकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. फ्लॅट म्हणाले की उठून ये. दुसरं, मधेमधे थोडी थोडी रक्कम भरता येते का, की वर्षाच्या शेवटी एकदमच. काही जण एकदमच घेतात, ते तुला चालणार नाही. तिसरं, प्रोसेसिंग आणि सोनं तपासायचे पैसे किती. दागिन्यांचं वजन लिहिलेली पावती घे, खडे असतील तर ते वजा करून वजन किती धरलंय तेही बघ.

पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्डात भर, घरी नेऊ नको. पुढच्या बिलात परत थोडं व्याज दिसेल, घाबरू नको, बिल निघाल्यापासून तू भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं ते. तेही पूर्ण भर, मिनिमम नको.