खोडसाळ सदस्यांना अनुल्लेखाने मारावे की त्यांचे संदेश काढून टाकावेत?

चर्चाप्रस्ताव : निफाडकर (गटाचे एक प्रशासक)

आपल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात अलीकडे जे घडले ते सर्वांनी पाहिले असेलच असे नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. गोडी छाटणीनंतर (फळासाठी केलेल्या छाटणीनंतर) बाग तीन-चार पानांवर असताना रात्री पाऊस झाला, आणि पहाटे एका नव्या सदस्याने ओल्या पानांचा फोटो टाकून डावणी या बुरशीजन्य रोगासाठी तातडीने काय फवारावे असे विचारले. दोघा जाणत्या बागायतदारांनी औषध, प्रमाण आणि फवारणीची वेळ व्यवस्थित लिहून दिली. त्यानंतर एका जुन्या सदस्याने ते दोघेही दुकानदारांचे दलाल असल्याचे लिहिले, हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली, विचारणाऱ्याला ‘बापजन्मात बाग पाहिली होती का’ असे सुनावले आणि शेवटी प्रमाण सरळ दुप्पट करावे असा सल्ला दिला. मग बाजू घेणारे आणि विरोध करणारे एकमेकांवर तुटून पडले, कोणी त्यात राजकीय फॉरवर्ड घातले, आणि नेमके उत्तर त्या गर्दीत दिसेनासे झाले.

असे प्रसंग आता वरचेवर घडतात आणि दर वेळी जुने सदस्य एकच सांगतात, की अनुल्लेखाने मारा, आपोआप गप्प बसेल. मला हा उपाय आपल्या गटाला लागू पडतो असे वाटत नाही. गप्पांच्या अड्ड्यावर तो चालेल, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखून असतात आणि कोणाचे बोलणे किती मनावर घ्यायचे हे प्रत्येकाला ठाऊक असते. आपल्याकडे दर हंगामात नवी माणसे येतात, आणि चुकीच्या सल्ल्याखाली कोणीच काही बोलले नाही तर त्या शांततेचा अर्थ ती संमती असा लावतात. डावणीच्या काळात पाने ओली राहिलेले काही तासच महत्त्वाचे असतात, त्यामुळे भांडण निवळेपर्यंत वाट पाहण्याइतकी सवड कोणालाच नसते. फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशांच्या बाबतीत तर एका चुकीची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली, तेव्हा ज्यांनी ते वापरलेच नव्हते त्यांचाही माल पडून राहिला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की व्यक्तिगत शिवीगाळ आणि धोकादायक सल्ला दिसताक्षणी काढावा, तो का काढला हे एका ओळीत गटावर लिहावे, आणि तोच प्रकार पुन्हा झाल्यास त्या सदस्याला हंगाम संपेपर्यंत बाहेर ठेवावे. विरोधी मते मोकळेपणाने यावीत.

प्रतिसाद : तासगावकर

आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण उपायाला माझा ठाम विरोध आहे. त्रासदायक कोण, हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा त्या वादात स्वतः गुंतलेला असतो, आणि एकदा हातात संदेश पुसण्याची सोय आली की अडचणीचे प्रश्नही त्याच हाताने पुसले जातात. मी पूर्वी ज्या गटात होतो तिथे एका जैविक टॉनिकची रोज शिफारस होत असे. एका बागायतदाराने त्या बाटलीवर घटकांची यादी का नाही, पक्के बिल का मिळत नाही आणि प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे असे सलग चार-पाच दिवस विचारले. त्याची भाषा तिखट होती हे मी नाकारत नाही. त्याला ‘गटाचे वातावरण बिघडवतो’ म्हणून काढून टाकले गेले, आणि शिफारस करणारे मात्र गटातच राहिले. नंतर ते टॉनिक मारलेल्या एका बागेच्या मण्यांमध्ये कीटकनाशकाचे अंश निघाले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारायला गटात कोणी उरले नव्हते.

आपण २०१० चा दाखला दिलात, तर त्याच दाखल्याची दुसरी बाजूही पाहावी. शेंड्याची वाढ रोखण्यासाठी ते रसायन तेव्हा बागांमध्ये सर्रास वापरले जात होते. त्या काळी असा गट असता आणि एखाद्याने ‘तुम्ही सगळे विष मारत आहात’ असे रोज लिहिले असते, तर आजच्या निकषांनी खोडसाळ म्हणून पहिल्यांदा त्यालाच बाहेर काढले गेले असते.

‘त्रास’ हा शब्द नियमात बसवणे किती धोक्याचे असते हे आपल्या राज्याने पाहिलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ मध्ये त्रास आणि गैरसोय हेच शब्द होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली ती याच कलमाचा आधार घेऊन, आणि यातल्या एकीने तर ती नोंद केवळ पसंत केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले, त्याचे एक मुख्य कारण हे शब्द संदिग्ध आहेत, हेच होते. जी संदिग्धता संसदेच्या कायद्याला पेलली नाही ती गटाच्या चार ओळींच्या नियमावलीला कशी पेलेल? चुकीच्या सल्ल्याखाली बरोबर सल्ला लिहावा, माणसाला उत्तर देऊ नये, आणि पुढच्या कामाला लागावे.

प्रतिसाद : दिंडोरीची एक बागायतदार

तासगावच्या दादांचे म्हणणे मी दोनदा वाचले. प्रश्न विचारणाऱ्याला हाकलू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण अनुल्लेखाचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी, की दुर्लक्ष करण्याचे काम ज्याच्यावर चिखल उडाला त्याच्याच वाट्याला येते. बाकीच्यांना काहीच करावे लागत नाही.

माझी अडीच एकरांची बाग मी स्वतः पाहते. छाटणी, डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावणे, विरळणी, मजुरांचा हिशेब, सगळे माझ्याकडे आहे. मी गटात डिपिंगच्या, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, वेळेबद्दल विचारले तेव्हा पहिले उत्तर ‘घरात कोणी गडी माणूस नाही का’ असे आले. त्यावर कोणी एक शब्द बोलले नाही, आणि न बोलणाऱ्यांमध्ये ज्यांना मी मोठ्या भावासारखे मानते तेही होते. त्याच रात्री अनोळखी क्रमांकांवरून मला खाजगी संदेश येऊ लागले, कारण गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. त्यानंतर मी फक्त वाचते, विचारत नाही. माझ्या ओळखीच्या इतर बायकाही असेच करतात, आणि गटाच्या प्रशासकांना त्या दिसत नाहीत, कारण ज्या गप्प झाल्या त्यांची नोंद कुठेच होत नाही. दादा, ज्याला काढले तो तुम्हाला आठवतो. जे आपणहून गेले त्यांचाही विचार व्हायला हवा.

प्रतिसाद : नागपूरकर (व्यवसायाने वकील, घरची संत्र्याची बाग)

कायद्याची बाजू अनेकांच्या बोलण्यात येते, म्हणून तेवढीच मांडतो. ताईंनी सांगितलेल्या प्रसंगासारखेच एक प्रकरण गोंदिया जिल्ह्यातून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले होते. गटातल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली, प्रशासकाने त्याला ना काढले ना माफी मागायला लावली, आणि तिने प्रशासकावरही गुन्हा नोंदवला. मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्रशासकाविरुद्धची ती कारवाई रद्द केली. संगनमत किंवा समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या संदेशासाठी प्रशासकाला जबाबदार धरता येत नाही, आणि संदेश गटावर येण्यापूर्वी त्यावर त्याचे नियंत्रण नसते, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल दाखवून अनेक प्रशासक हात झटकतात, आणि तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही. फौजदारी गुन्हा होत नाही एवढ्यावरून कर्तव्य संपत नाही. शिवाय तेव्हा प्रशासकाला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येत नव्हता. ती सोय २०२२ मध्ये आली. आता ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणता येणार नाही.

प्रतिसाद : तासगावकर

ताई, तुमच्याबाबत जे घडले ते त्याच क्षणी काढायला हवे होते, आणि तिथे गप्प राहणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. माणसाच्या अंगावर जाणारा संदेश आणि चुकीचा सल्ला यांत मी फरक करतो. सल्ला पुसला की चूक काय होती हेही पुसले जाते. तो तसाच ठेवून खाली दुरुस्ती केली तर शंभर जण शिकतात.

प्रतिसाद : निफाडकर

दुरुस्ती खाली राहते, पण सल्ला एकटाच पुढे जातो, ही माझी खरी अडचण आहे. दुप्पट प्रमाणाच्या त्या संदेशाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे दुसऱ्या तालुक्यातल्या गटातून परत आला, आणि त्यावर आपल्या गटाचे नाव होते, दुरुस्ती मात्र नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. अशा अफवांचे खंडन त्या दिवसांत पोलीस ठिकठिकाणी करतच होते, ते त्या जमावापर्यंत पोहोचले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दुरुस्ती मागून येऊन पुरेशी होत असती तर त्या मर्यादेची गरजच पडली नसती.

तरीही जैविक टॉनिकच्या प्रकरणातला आपला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रस्तावात पुढील भर घालतो. निर्णय एका प्रशासकाने घेऊ नये. तीन वेगवेगळ्या तालुक्यांतले तीन बागायतदार असावेत, त्यांपैकी एक तरी महिला असावी, आणि औषधे, खते किंवा टॉनिकच्या विक्रीशी तिघांपैकी कोणाचाही संबंध नसावा. काढलेला प्रत्येक संदेश कारणासह एका वहीत उतरवून ठेवावा आणि मागेल त्या सदस्याला ती वही दाखवावी. धोकादायक सल्ला कोणता, हे तिघांच्या मर्जीवर सोडू नये. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ‘अ‍ॅनेक्शर ५’ ही यादी आपण सगळे वापरतो, तीत औषध, प्रमाण आणि काढणीपूर्वी पाळायचा कालावधी दिलेला असतो. त्या प्रमाणाच्या वर जाणारा सल्ला काढावा, बाकी सर्व मतभेद राहू द्यावेत. बिल, घटक आणि अहवाल यांबद्दलचा प्रश्न कितीही कडक भाषेत आला तरी तो काढता येणार नाही, असे नियमात शब्दशः लिहावे.

प्रतिसाद : तासगावकर

ती शेवटची ओळ नियमात सर्वांत वर येणार असेल तर मी विरोध मागे घेतो. मात्र सदस्याला हंगामभर बाहेर ठेवणे मला अजूनही जास्त वाटते. छाटणी ते काढणी या काळात बागायतदाराला गटाबाहेर ठेवणे म्हणजे त्याच्या पिकाला शिक्षा देण्यासारखे आहे. पंधरा दिवस लिहिण्यास बंदी पुरे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्याचे लिहिणे थांबवता येत नसेल तर त्या पंधरा दिवसांत तिघांपैकी एकाने त्याला हवामानाचे व फवारणीचे संदेश स्वतः पाठवावेत.

प्रतिसाद : दिंडोरीची एक बागायतदार

वही, यादी, तीन जण, सगळे चांगले आहे. पण गटावर एक शब्द न लिहिता रात्री खाजगी संदेश पाठवणाऱ्यासाठी यात अजून काही नाही. तसा संदेश दाखवला तर तो गटावरच आला असे धरून कारवाई होणार का, आणि पोलिसांत तक्रार करायची वेळ आली तर तिघांपैकी कोणी सोबत येणार का, याचे उत्तर मला हवे आहे. ते मिळाले की महिला सदस्य म्हणून माझे नाव लिहा.