उन्हाळी घरात बारमाही राहायचंय; आरोग्य विभाग मातीची चाचणी का मागतोय?

तळ्याकाठची:
तळ्याकाठचं आमचं छोटं घर आजवर फक्त उन्हाळ्यात वापरलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कायमचं तिथेच राहणार आहोत. खिडक्या बदलल्या, हीटर घेतला. आता आरोग्य विभाग सेप्टिक टँकचा नकाशा आणि मातीची चाचणी मागतोय. टँक कधीच तुंबला नाही, माणसंही तीच दोन. मग हे कशासाठी?

पाझर:
ताई, अशी घरं मी बरीच वर्षं तपासली, म्हणून सविस्तर लिहितो. टँकमध्ये फक्त गाळ बसतो. सांडपाणी शुद्ध होतं ते पुढे, टँकमधलं पाणी ज्या चरांतून जमिनीत मुरतं त्यांच्याखालच्या मातीत. तिथे जिवाणूंचा चिकट थर साचतो आणि घर बंद असताना तो वाळून माती मोकळी होते. बारमाही वापरात ही उसंत मिळत नाही.

त्याहून मोठा प्रश्न भूजलाचा. ते ओल्या मोसमात वर चढतं. चरांखाली साधारण २ ते ४ फूट कोरडी माती राहिली नाही, तर घाण पाणी न गाळताच तळ्यात किंवा विहिरीत उतरतं. उन्हाळ्यात तुम्हाला ते दिसणारच नाही. चाचणी ओल्या दिवसांतच करून घ्या.

टँक आणि चर किती मोठे हवेत याचा हिशोब बहुतेक ठिकाणी माणसांवर नाही, झोपायच्या खोल्यांवर धरतात. उद्या घरात दुसरं कुटुंब येऊ शकतं. मला हा नियम अगदी रास्त वाटतो. पोटमाळ्यावर खोली काढायची असेल तर आत्ताच सांगा. आणि विहीर कुठे आहे?

तळ्याकाठची:
उताराला, चरांच्या खालच्या अंगाला. उथळ आहे, पण पाणी गोड आहे.

पाझर:
मग आधी पाणी तपासा! चवीवरून काही कळत नाही. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, अजिबात सापडता कामा नयेत. सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही आणि बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. नातवंडं येणार असतील तर यात हयगय नको. जोराच्या पावसानंतर पुन्हा नमुना द्या.

शेकोटी:
हीटर इंधनावरचा असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप हवाच. खिडक्या आता घट्ट झाल्यात, कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा.

तळ्याकाठची:
हीटर गॅसचा आहे, पाइप नाही. तो बंद ठेवते. पाण्याचा नमुना उद्याच देते.