रिठ्याचं लिक्विड घरी करतोय, पण पांढरे कपडे कळकट पडतायत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाजारच्या पावडरीच्या वासाने घरात एकाला खाज सुटते म्हणून सध्या कपड्यांसाठी रिठ्याचं पाणी घरीच करतेय. पद्धत साधीच, रिठे फोडून बिया टाकून द्यायच्या, साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, गार झालं की कुस्करून फडक्यातून गाळायचं. रंगीत कपडे, ओढण्या, बाळाची झबली मस्त निघतात, मऊ राहतात, तक्रार नाही. घोडं अडलंय पांढऱ्यांपाशी. शर्टाच्या कॉलरच्या घडीत पिवळी रेघ तशीच राहते आणि बनियन, टॉवेल दर धुण्याला थोडे थोडे राखाडी होत चाललेत, उन्हात वाळवूनसुद्धा. आमचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर चढतो, त्याचा काही संबंध असेल का?

दुसरं म्हणजे ते पाणी टिकत नाही. बाहेर ठेवलं की दोन-तीन दिवसांत आंबूस वास, झाकण उघडलं की फस्स करून आवाज. एका व्हिडिओत सोडा आणि व्हिनेगर दोन्ही घालायला सांगितलंय, फेस तर जोरदार येतो पण खरंच काही उपयोग होतो का? मशीन फ्रंट लोड आहे. साबण किसून घालायचा सल्ला नकोय प्लीज, तो करून झालाय, ड्रमच्या रबरावर चिकट थर बसला होता.

प्रतिसाद
साबणाचा तो थर जड पाण्यामुळेच. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि चोथा होतो, तोच कपड्यावरही बसतो. रिठ्यातल्या सॅपोनिनचा, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाचा, असा चोथा होत नाही, पण ते मुळात सौम्य, तेलकट मळ सोडवला तरी पाण्यात धरून ठेवण्यात कमी पडतं, मग तोच मळ परत कपड्यावर बसतो. म्हणून राखाडी. सुती कपड्यांना धुण्याचा सोडा घाला, खायचा नव्हे, तो फार मवाळ पडतो. आणि बाजारच्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते उन्हातले न दिसणारे किरण घेऊन निळसर उजेड परत टाकतात. ती चमक रिठ्याने कधीच येणार नाही, तेवढी अपेक्षा सोडा :)

व्हिनेगर-सोडा एकत्र म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, तो फेस कार्बन डायऑक्साइडचा, मळाचा नाही. फार तर शेवटच्या पाण्यात खळबळताना थोडं व्हिनेगर घाला, तेही सोडा निघून गेल्यावर.

प्रतिसाद
टिकवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तसे क्यूब काढा, फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने राहतात. वर चिठ्ठी मात्र लावा, कुणी सरबतात टाकलं तर तोंड कडूजहर. नाहीतर साली कडक वाळवून ठेवा आणि लागेल तेवढंच उकळा, मी तेच करते. उकळताना डोळ्यांत उडू देऊ नका, भयंकर झोंबतं.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! सोडा रिठ्याच्या बाटलीतच मिसळून ठेवू का धुताना वेगळा घालू? आणि कॉलरच्या त्या पिवळ्या रेघेचं काय करायचं?

प्रतिसाद
वेगळाच घाला, म्हणजे बाटलीतलं रिठ्याचं पाणी रेशीम आणि लोकरीलाही वापरता येईल. त्या कपड्यांना सोडा अजिबात नको, धागा खराब होतो. कॉलरला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच. चाळीस अंशाच्या वर गरम पाण्यात कालवून कपडा तासभर बुडवून ठेवायचा आणि मग नेहमीसारखा धुवायचा, गार पाण्यात ते ढिम्म असतं. कालवलेलं पाणी उरलं तर ओतून द्या, झाकण घट्ट लावून ठेवू नका, गॅस सुटत राहतो आणि बाटली फुगते.