तर्री-पोह्याची गाडी टाकायची आहे, पण वहीतून बाहेर कसं पडायचं?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून सकाळच्या वेळेत इथे नागपुरात तर्री-पोह्याची (म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट, तवंगाचा रस्सा) गाडी टाकायची, असं बरेच दिवस डोक्यात आहे. नाव ठरलंय, बोर्डाचा रंग ठरलाय, पाच वर्षांत तीन गाड्या करायच्या असंही वहीत लिहिलंय. घरी पाच-सहा जणांचे पोहे नीट जमतात. पण आधी गाडी घ्यावी, जागा पाहावी की परवाने काढावेत, इथेच गाडं अडतं. बजेट बेताचं आहे. कोणी क्रम सांगेल का?

इतवारी_मसाला
भाऊ, या तिन्हींतलं आत्ता काहीच नको. येत्या रविवारी २० प्लेटा करा. घरचे सहा आणि धंद्याचे वीस यांत नुसता आकड्याचा फरक नाही. वीस प्लेटांना तर्री फाटते, पोह्याचा लगदा होतो, मीठ चुकतं. हे सगळं गाडी घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

२० प्लेटांचा हिशोब असा: जाडे पोहे दीड किलो, पोह्यात घालायला कांदा अर्धा किलो. प्लेटमागे साधारण १८० ग्रॅम तयार पोहे पडतात. काळे हरभरे अर्धा किलो, शिजून किलोभर होतात, म्हणजे प्लेटमागे ५० ग्रॅम. तर्री अडीच लिटर. तिला तेल ३०० मिली, कांदा अर्धा किलो, लसूण ७५ ग्रॅम, आलं ४० ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं ७५ ग्रॅम, तिखट ३५ ते ४० ग्रॅम, धनेपूड ३० ग्रॅम, सावजी मसाला २५ ग्रॅम, मीठ ३५ ग्रॅमच्या आसपास. तिखट भिवापुरी मिरचीचं घेतलंत तर रंगासाठी दुसरं काही घालावं लागत नाही. पहिल्या दिवशी सगळं काट्यावर मोजा. अंदाजाने टाकलं तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळणारच नाही.

शनिवारी रात्री हरभरे तिप्पट पाण्यात भिजवा. सकाळी कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग बारीक आचेवर पंधरा मिनिटं. आंबट काही कुकरात घालू नका, दाणा कडक राहतो. शिजलेलं पाणी फेकू नका, तेच तर्रीत जातं.

आता तर्री, कारण गाडी तिच्यावरच चालते. कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परता, याला पंधरा मिनिटं लागतात आणि इथेच लोक घाई करतात. मग आलं-लसूण, खोबऱ्याचं वाटण. तिखट टाकताना आच एकदम कमी करा आणि लगेच अर्धी वाटी पाणी शिंपडा. तिखट जळलं की तर्री काळी आणि कडवट होते, ती मग कशानेही सुधरत नाही. कडेने तेल सुटलं की हरभऱ्याचं पाणी आणि वरचं पाणी घाला, पण उकळतं. गार पाणी ओतलं की तवंग मरतो. नंतर बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. खळखळ उकळू दिलं तर तेल रश्श्यात मिसळून जातं आणि वर लाल थर येत नाही. गॅस बंद करून झाकून दहा मिनिटं ठेवा, थर आपोआप वर येतो. पहिल्या प्लेटांत सगळा तवंग वाढून टाकू नका, नाहीतर शेवटच्या पाच जणांना नुसतं पाणी मिळतं.

पोहे अर्धा-अर्धा किलोच्या घाण्यात चाळणीतच धुवा, वीस-तीस सेकंद. दहा मिनिटं निथळू द्या. दाणा बोटांत दाबला की चुरगळला पाहिजे, पण हातात अख्खा दिसला पाहिजे. पावसाळ्यात पोहे आधीच दमट असतात, तेव्हा पाणी आणखी कमी.

धरमपेठ_वाचक
वरचं उत्तर बरोबर दिशेचं आहे. त्याला अभ्यासाचा आधारही आहे. हेदर काप्पेस आणि गाब्रिएले ओएटिंगेन या मानसशास्त्रज्ञांचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. हवी ती गोष्ट मिळाल्याचं मनात रंगवलं की अंगातला जोर वाढत नाही, उतरतो, असं त्यात दिसलं. त्यासाठी त्यांनी वरचा रक्तदाबही मोजला होता. तीन गाड्यांचं चित्र रंगवताना मन काम झाल्यासारखं सैलावतं, मग हरभरे कोण भिजवणार?

म्हणून चित्राच्या शेजारीच अडचण मांडायची. 'वेळ नाही' अशी मोघम नको, नेमकी हवी. तुमच्या बाबतीत बहुधा 'शनिवारी रात्री कंटाळा येईल' किंवा 'ओळखीच्यांकडून पैसे मागायला लाज वाटेल' यांपैकी एक असेल. मग त्या अडचणीला जोडून जर-तरचं एक वाक्य लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांचं यावरचं १९९९ चं काम खूप गाजलेलं आहे. 'रविवारी पोहे करीन' हा नुसता इरादा झाला. 'शनिवारी रात्रीचं जेवण झालं की ताट उचलण्याआधी अर्धा किलो हरभरे मोजून भिजत घालीन' हे वाक्य त्या क्षणी आठवतं, कारण वेळ आणि कृती एकमेकांना बांधलेली आहेत. एका वेळी एकच वाक्य लिहा. दहा लिहिली की पुन्हा वहीच भरते.

मेडिकल_चौक
कागदपत्रांचं मी सांगतो, कारण यात एक मोठी गोम आहे आणि ती गाडीचे पैसे देण्याआधी कळलीच पाहिजे.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री प्रमाणपत्र घेताना हमीपत्र द्यावं लागतं: व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबातली व्यक्ती करेल, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र दुसऱ्याला देणार नाही. तुम्ही नोकरीत आहात. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचं प्रमाणपत्र तुमच्या नावावर बसत नाही. घरातली एखादी व्यक्ती, जिला दुसरं उत्पन्न नाही, तीच गाडी चालवणार असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येतो. फक्त नाव तिचं आणि गाडीवर दुसराच, असं करू नका.

दुसरा मार्ग तुम्हाला जास्त सोयीचा. सकाळी अकराला उघडणाऱ्या दुकानाची ओसरी सात ते दहा भाड्याने घ्या. दुकानाच्या हद्दीतली जागाच घ्या, फुटपाथ नको. मालकाची लेखी संमती घ्या. एक-दोन माणसांचाच धंदा असेल तर २०१७ च्या राज्याच्या दुकाने कायद्याप्रमाणे गुमास्त्यासाठी (दुकानाच्या नोंदणीसाठी) ऑनलाइन सूचना देणं पुरतं. अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो. त्याचा भाव हिशोबात धरा, नाहीतर नफा कागदावरच राहतो.

जागा ठरवताना एक मंगळवार आणि एक रविवार, साडेसहा ते साडेनऊ तिथे उभं राहून मोजा. जाणारे-येणारे मोजू नका, चहाच्या टपरीवर थांबणारे मोजा. मेडिकलसारख्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मोठ्या रुग्णालयाजवळ नातेवाईक पहाटेपासून बाहेर येतात आणि रोज येतात. फिरायला येणाऱ्यांची गर्दी दिसायला मोठी, पण त्यातले बरेच जण तेलकट टाळतात.

मानेवाडा_रोड
हमीपत्राचं अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. दोन शंका: प्लेटचा भाव कसा ठरवायचा? आणि आत्ता उन्हाळा लागतोय, तर थांबू का?

इतवारी_मसाला
भाव: वीस प्लेटांचा सगळा खर्च लिहा. लिंबू, वरचा चिवडा, द्रोण, चमचे, गॅस, काहीही सोडू नका. वीसने भागा, अडीचने गुणा. येणारा आकडा त्या भागातल्या चालू भावापेक्षा जास्त असेल तर माल हलका करू नका, माप बघा. तर्रीचा डाव १२० मिलीचाच ठेवा. हात सैल पडला की दर प्लेटला ३० मिली जास्त जाते आणि वीस प्लेटांत पाच जणांची तर्री संपते.

पहिल्या रविवारी शेजाऱ्यांना फुकट द्या, पण 'कसे झाले' विचारू नका, सगळे छानच म्हणतात. प्लेटा परत आल्या की बघा. पोहे उरलेत म्हणजे कोरडे झाले. तर्री उरली म्हणजे तिखट किंवा मीठ जास्त. दुसऱ्या रविवारी त्याच लोकांकडून ठरलेला भाव घ्या. किती जण पैसे देऊन पुन्हा येतात, तो आकडा वहीत लिहिण्यासारखा आहे.

उन्हाळ्यासाठी थांबू नका, फक्त पद्धत बदला. मे महिन्यात नागपुरात रात्रभर बाहेर भिजलेल्या हरभऱ्यांना सकाळी आंबूस वास येतो, वर फेस दिसतो. असे हरभरे वापरायचे नाहीत. रात्री उशिरा गार पाण्यात भिजवा, फ्रीजमध्ये जागा असेल तर तिथेच ठेवा, आणि शिजवण्याआधी भिजवणीचं पाणी बदला. चिरलेला कांदा झाकून सावलीत ठेवा आणि थोडा-थोडाच चिरा. तयार पोहे कढईत थेट आचेवर ठेवले की तळाशी कडक होतात. खाली गरम पाण्याचं पातेलं आणि पोह्यांवर ओलसर कापड ठेवलं तर तास-दीड तास मऊ राहतात.

धरमपेठ_वाचक
मानेवाडा, शनिवार परवा आहे. हरभरे घरात आहेत का ते आज बघून घ्या. नसतील तर अर्धा किलो उद्याच आणा, आणि रविवारी परत आलेल्या प्लेटांत काय उरलं ते इथे लिहा. पुढचं माप त्यावरूनच ठरवू.