मदत हवी आहे: दोन बुल्मर्स आणि एक मॅग्नर्स

मंडळी, मला बाटल्यांची लेबलं जमवायचा नाद आहे (बायकोच्या मते खूळ). मावसभावाने डब्लिनहून ‘बुल्मर्स’ सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) लेबल आणलं, त्यावर गाव क्लॉनमेल. लंडनहून आलेल्या ‘बुल्मर्स’वर मात्र हेरेफर्ड! वर क्लॉनमेलचंच सायडर आयर्लंडबाहेर ‘मॅग्नर्स’ नावाने विकतात.

खोदत गेलो. पर्सी बुल्मरने १८८७ साली हेरेफर्डला धंदा मांडला, विल्यम मॅग्नरने १९३५ साली क्लॉनमेलला. १९३७ मध्ये इंग्लंडच्या बुल्मरने मॅग्नरकडे निम्मी भागीदारी घेतली, १९४६ मध्ये उरलेली निम्मीही घेतली आणि तिथलं नाव बदललं. आज दोघांचे मालक वेगळे.

मग १९३५ ते ४६ मधल्या बाटलीवर काय छापायचे? कुणाकडे जुनं लेबल, जाहिरातीचा फोटो असेल तर टाका ना. अल्बममधलं एक पान रिकामं ठेवलंय.